ट्रेन सिम्युलेटरमधले सिग्नल खऱ्या रेल्वेच्या किती जवळ जातात?

प्रश्न एका तरुणाचा आहे. तो असिस्टंट लोको पायलटच्या भरतीची तयारी करतोय आणि घरी कॉम्प्युटरवर ओपन रेल्स आणि ट्रेन सिम वर्ल्ड खेळतो. त्याला विचारायचंय की या गेममधले सिग्नल, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) आणि ब्रेक कितपत खरे असतात, आणि उद्या नोकरी लागली तर त्यातलं काही उपयोगी पडेल का. मी रेल्वेच्या सिग्नल विभागात सेक्शनवर काम केलंय, नंतर नव्या मुलांना शिकवलंय, आणि हे गेम आवडीने खेळतो. म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

थोडक्यात सांगायचं तर चांगल्या गेममध्ये दिवे बऱ्यापैकी खरे असतात. पण तो दिवा कशाच्या जोरावर लागला, हे बहुतेक गेममध्ये नसतंच. आमच्या खात्याचं सगळं काम नेमकं तिथे आहे.

आधी दिव्यांचं बघू. आपल्याकडच्या चार रंगस्थितींच्या सिग्नलवर वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा आणि लाल असे दिवे असतात. लाल सगळ्यात खाली, म्हणजे लोको पायलटच्या नजरेच्या सगळ्यात जवळ. हौशी मंडळींनी ओपन रेल्ससाठी बनवलेल्या काही भारतीय मार्गांवर हा क्रम अचूक सापडतो. स्टेशनच्या आधी पूर्वसूचना देणाऱ्या डिस्टंट सिग्नलच्या खांबावरची 'पी' पाटी असते, स्टेशनात शिरायची परवानगी देणाऱ्या होम सिग्नलवरचे, गाडी कुठल्या लाइनला जाणार ते दाखवणारे रूट इंडिकेटरचे पाच पांढरे दिवे असतात. लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनला, जाताना पिवळा आणि त्यावर तिरकी पांढरी रांग हे चित्र पाहून मला मनापासून आनंद होतो, कारण हे करणाऱ्याने स्टेशनवर उभं राहून बघितलेलं असतं. मोबाइलवरच्या बऱ्याच गेममध्ये मात्र परदेशी सिग्नलचं मॉडेल उचलून रुळाशेजारी उभं केलेलं असतं. हिरवा, पिवळा, लाल एवढंच. डबल यलो, म्हणजे दोन पिवळे एकदम, नाही. आणि डबल यलो नसेल तर ताशी १३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला पुढच्या सिग्नलवर वेग कमी असायला हवा हे सांगणार कोण?

ओपन रेल्सबद्दल एक गोष्ट खोलात जाऊन सांगण्यासारखी आहे. हा मोफत प्रोग्राम २००१ सालच्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या मार्गांवर चालतो. मूळ गेममध्ये सहा मार्ग होते, त्यात जपानचे दोन, अमेरिकेचे दोन, इंग्लंडचा एक आणि ऑस्ट्रियाचा एक. भारतातला एकही नव्हता. या सगळ्या देशांच्या सिग्नल पद्धती वेगवेगळ्या. त्यांना एकाच गेममध्ये बसवण्यासाठी बनवणाऱ्यांनी आतून फक्त आठ स्थिती ठेवल्या. 'थांबा', 'थांबून पुढे जा', 'फार हळू', मग 'अप्रोच' एक ते तीन आणि 'क्लिअर' एक आणि दोन. जगातला कुठलाही सिग्नल या आठांपैकी एकाशी जोडायचा. आपला एकेरी पिवळा साधारण 'अप्रोच एक'ला जातो, डबल यलो 'अप्रोच दोन'ला. गेममधल्या बाकीच्या गाड्या या आठ स्थिती वाचूनच चालतात. मार्ग बनवणारा माणूस सिग्नलची एक छोटी स्क्रिप्ट लिहितो: पुढचा ब्लॉक (पुढच्या सिग्नलपर्यंतचा रूळ) रिकामा आहे का, पुढचा सिग्नल काय दाखवतोय, रूट कुठला लागलाय, त्यावरून या सिग्नलने काय दाखवायचं. ही स्क्रिप्ट एकदा उघडून वाचा. सिग्नलचा आस्पेक्ट, म्हणजे तो काय दाखवतोय, ते पुढच्या सिग्नलवर कसा अवलंबून असतो, हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तिथे लवकर कळतं.

पण स्क्रिप्ट काय विचारत नाही ते बघा. पॉइंट खरोखर लागलाय का, हे ती विचारत नाही. गेममध्ये पॉइंट क्षणात फिरतो आणि फिरला म्हणजे फिरलाच. प्रत्यक्षात पॉइंट मशीनला जीभ, म्हणजे सांध्यातला सरकणारा रूळ, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायला काही सेकंद लागतात, आणि नेल्यानंतरही आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. जीभ शेजारच्या स्थिर रुळाला (स्टॉक रेलला) पूर्ण टेकली का, कुलूप बसलं का, याचा पुरावा डिटेक्शनच्या कॉन्टॅक्टमधून रिले रूमपर्यंत, म्हणजे सिग्नलची विजेची यंत्रणा असते त्या खोलीपर्यंत, आला पाहिजे. तो आला नाही तर सिग्नल लालच राहणार. ठरावीक मुदतीने आम्ही ऑब्स्ट्रक्शन टेस्ट घेतो. पाच मिलिमीटर जाडीची पट्टी जिभेच्या टोकापासून दीडशे मिलिमीटरवर जीभ आणि स्टॉक रेलच्या मध्ये धरायची आणि मशीन चालवायला सांगायचं. मोटर गुरगुरते, जीभ पट्टीवर येऊन दाबते, आतला क्लच घसरायला लागतो आणि मशीनला कुलूप घालता येत नाही. घालता आलं, तर ते मशीन नापास. तुमच्या करंगळीच्या निम्म्या जाडीचीही नाही अशा फटीवर ही सगळी व्यवस्था अडून बसते, आणि तिने अडून बसावं म्हणूनच ती केलेली आहे. मी तरी आजवर एकाही गेममध्ये पॉइंटमध्ये खडी अडकून होम सिग्नल लाल राहिलेला पाहिला नाही. पावसाळ्यात आमच्या सेक्शनवर हे नेहमीचं होतं.

रुळावर गाडी आहे का ते विजेने ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटचंही तसंच. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. रुळाच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच. रूळ रिकामा असेल तर करंट रिलेपर्यंत पोचतो आणि रिले उचललेला राहतो. चाक आलं की दोन्ही रूळ जोडले जातात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. यातली खरी हुशारी गाडी ओळखण्यात नाही. वायर तुटली, बॅटरी संपली, जोडणीची बाँड वायर कुणी चोरून नेली, तरीसुद्धा रिले पडतोच, रूळ तुटला तरी बऱ्याचदा पडतो, आणि तो स्वतःच्या वजनाने पडेल असाच बनवलेला असतो. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते. गेमला यातलं काहीच लागत नाही, कारण प्रोग्रामला प्रत्येक डब्याची जागा आधीच ठाऊक असते. त्यामुळे गेममधला लाल नेहमी 'पुढे गाडी आहे' एवढंच सांगतो. खरा लाल बहुतेक वेळा तेच सांगतो, पण कधी कधी 'मला खात्री नाही' असंही सांगत असतो. माझ्या मते गेम आणि रेल्वे यांतला सगळ्यात मोठा फरक हाच.

लालबद्दल आणखी एक. बहुतेक गेममध्ये लाल ओलांडला की खेळ संपला, किंवा गुण कापले. आपल्या रेल्वेत सगळे लाल सारखे नसतात. मुंबईच्या लोकल मार्गांवर ऑटोमॅटिक सिग्नलच्या खांबावर 'ए' अक्षर असतं. असा सिग्नल लाल मिळाला तर मोटरमन थांबतो, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट बघतो, आणि तरीही लालच राहिला तर ठरवून दिलेल्या अगदी कमी वेगाने, पुढे कधीही अडथळा दिसेल असं धरून निघतो. फाटकाच्या सिग्नलवर 'जी' असतो, तिथलीही रीत साधारण तशीच, फक्त गाडी फाटकापर्यंत न्यायची आणि गेटमनची खूण बघायची. पण स्टेशनचा होम किंवा स्टार्टर (स्टेशनातून निघायचा सिग्नल) लाल असेल तर अधिकृत परवानगीशिवाय तसूभरही पुढे जायचं नाही. गेलात तर तो स्पॅड, म्हणजे परवानगीशिवाय लाल ओलांडणं: ड्युटीवरून उतरवणं, चौकशी, आणि नोकरीवर येणारं मोठं संकट. गेमने हा फरक शिकवला नाही तर मुलाच्या डोक्यात दोन चुकीच्या सवयी बसू शकतात. एकतर तो प्रत्येक लालला सारखाच घाबरेल, नाहीतर गुण गेले तर गेले म्हणून निघून जाईल. दुसरी सवय जास्त वाईट.

युरोपच्या मार्गांवर मात्र ट्रेन सिम वर्ल्ड खरंच दाद द्यावी असं काम करतो. जर्मनीच्या पीझेडबी या गाडीवर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचंच घ्या. पिवळ्या सिग्नलजवळ रुळाशेजारी १००० हर्ट्‌झचा चुंबक असतो. त्यावरून गेलात की चार सेकंदांत बटण दाबून 'पाहिलं' असं कळवावं लागतं, आणि त्यानंतर ठरलेल्या वेळात वेग उतरवावा लागतो. नाही उतरवला तर गाडी स्वतःच इमर्जन्सी ब्रेक लावते. लालच्या आधी ५०० हर्ट्‌झचा, लालपाशी २००० हर्ट्‌झचा. गेममध्ये हे सगळं चालू करून खेळता येतं, आणि पहिले काही दिवस गाडी सारखी उभी राहते. इंग्लंडच्या मार्गांवर ड्रायव्हरला सिग्नलची सूचना देणाऱ्या एडब्ल्यूएसची घंटा आणि भोंगा आहे, शिवाय लाल ओलांडणाऱ्या गाडीला ब्रेक लावणारं टीपीडब्ल्यूएस. हे टीपीडब्ल्यूएस तिथे देशभर घाईने बसवण्यामागे ५ ऑक्टोबर १९९९ च्या लॅडब्रोक ग्रोव्हच्या अपघाताचा मोठा वाटा होता. लाल ओलांडलेली गाडी समोरच्या गाडीवर आदळून ३१ माणसं गेली. आपल्याकडे मुंबईच्या लोकलला ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम आहे आणि आता कवच ही गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा बसतेय, ज्यात रुळावरचे आरएफआयडी टॅग आणि रेडिओवरून इंजिनाला पुढच्या सिग्नलची स्थिती कळते. कवच नीट दाखवणारा गेम अजून माझ्या पाहण्यात नाही. तो कुणी बनवला तर मी पहिला घेईन.

आता ज्या गेममध्ये इंजिनाची केबिनच नसते त्यांच्याकडे वळू, कारण सिग्नलवाल्याच्या नजरेने बघितलं तर खरा माल तिथे आहे. ओपनटीटीडी हा वाहतुकीचं जाळं उभारायचा गेम दिसायला अगदी जुनाट. त्यात पाथ सिग्नल असतात. गाडी जंक्शनपाशी आली की तिला हवा असलेला रस्ता आधी राखून ठेवला जातो, आणि त्याला आडवा जाणारा दुसरा रस्ता तोवर मिळत नाही. हे रूट लॉकिंगच आहे. पण मूळ गेममध्ये लाल दिसला की गाडी जागच्या जागी थांबते, ब्रेकिंग अंतर हा विषयच नाही. त्यामुळे सिग्नल कितीही जवळ ठोका, चालतं. फॅक्टोरियो या कारखाने उभारायच्या गेममध्ये उलट आहे. तिथे गाडीला थांबायला अंतर लागतं, आणि जी गाडी आता सिग्नलच्या आत थांबू शकत नाही तिच्यासाठी पुढचा ब्लॉक आधीच राखला जातो. तेव्हा त्या सिग्नलवर पिवळा दिसतो. आपला पिवळा 'पुढच्या सिग्नलवर थांबायची तयारी ठेव' असं सांगतो, तिथला पिवळा 'हा ब्लॉक येणाऱ्या गाडीला दिलाय' असं सांगतो. रंग तोच, अर्थ निराळा. तुमच्यासारख्या परीक्षेच्या मुलाने फॅक्टोरियो खेळून पिवळ्याचा अर्थ पाठ करू नये. त्यातल्या चेन सिग्नलचा विचार मात्र जरूर समजून घ्यावा: बाहेर पडायला जागा असल्याशिवाय जंक्शनमध्ये शिरायचं नाही.

या सगळ्यात मला सर्वात खरा वाटतो तो सिमसिग, सिग्नल केबिन चालवायचा सिम्युलेटर. त्यात गाडी दिसतच नाही. काळ्या पडद्यावर करड्या रेषा असतात, रूट लागला की त्या पांढऱ्या होतात, गाडी शिरली की लाल. आपल्या पॅनेलवर स्टेशन मास्तरला हेच दिसतं. पॅनेलवर सिग्नलचं आणि रूटचं बटण एकत्र दाबल्यावर आतमध्ये एकामागून एक प्रश्न विचारले जातात. वाटेतले पॉइंट बरोबर आहेत का? ओव्हरलॅपमधले? हा ओव्हरलॅप म्हणजे सिग्नलच्या पलीकडचा राखीव भाग, आपल्याकडच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलला १२० मीटर. सगळी ट्रॅक सर्किट मोकळी आहेत का? आडवा जाणारा एखादा रूट आधीच लागलेला नाही ना? फाटक बंद होऊन कुलूप बसलंय का? पॉइंट हाताने फिरवायचं क्रँक हँडल जागेवर आहे का? या सगळ्यांना 'हो' मिळालं तरच दिवा. रूट इंडिकेटरच्या पाच दिव्यांपैकी निदान तीन लागलेत का, हेसुद्धा तपासलं जातं. सिमसिगमध्ये यातलं बरंचसं ब्रिटिश पद्धतीने आहे. गाडी जवळ आलेली असताना तुम्ही रूट काढून घेतला तर सिग्नल लाल होतो, पण पॉइंट लगेच मोकळे होत नाहीत, ठरलेला वेळ जावा लागतो. आपल्याकडेही हा वेळ साधारण १२० सेकंदांचा. ड्रायव्हरने हिरवा पाहिलेला असू शकतो, त्याला थांबायला वेळ मिळाल्याशिवाय त्याच्या चाकाखालचा पॉइंट हलवायचा नाही, हा त्यामागचा विचार. शिवाय सिमसिगमध्ये ट्रॅक सर्किट फेल होतात, पॉइंट फेल होतात, लाल सिग्नलपाशी उभ्या ड्रायव्हरचा फोन येतो आणि उत्तर द्यावं लागतं. सकाळच्या गर्दीत एक पॉइंट फेल झाला की पाठोपाठ गाड्या तुंबायला लागतात. ती घालमेल ज्याने एकदा अनुभवली त्याला स्टेशन मास्तर फोनवर एवढा तुटक का बोलतो ते कळेल.

हे पुराव्याचं काम किती गंभीर आहे, ते दोन अपघातांवरून सांगतो. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ ३५ माणसं गेली. नव्या वायरिंगच्या वेळी एक जुनी वायर नीट कापून बाजूला केली नव्हती, ती टर्मिनलला लागली आणि जो सिग्नल लाल असायला हवा होता तो लाल झाला नाही. आणि २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा मिळाला, पण पॉइंट लूपकडे होता आणि लूपवर मालगाडी उभी होती. २९० हून जास्त माणसं गेली. चौकशीत सिग्नलच्या सर्किटमधल्या बदलांच्या चुका समोर आल्या. लोको पायलटने सिग्नल बरोबर पाळला होता. म्हणूनच रुळाशेजारच्या वायरिंगच्या पेटीत, म्हणजे लोकेशन बॉक्समध्ये, हात घालण्याआधी डिस्कनेक्शन मेमो (यंत्रणा कामासाठी बंद केल्याची लेखी सूचना) द्यायचा, काम झाल्यावर प्रत्येक पॉइंट आणि प्रत्येक आस्पेक्ट जागेवर पडताळायचा, आणि मगच रिकनेक्शन द्यायचं. गाडी खोळंबली तरी चालेल, वरून कितीही फोन आले तरी चालेल. गेममध्ये हा भाग नाही याची मला तक्रार नाही, पण रेल्वेत येणाऱ्या मुलाला तो आहे हे माहीत हवं.

ब्रेकचा विषय तुमच्या कामाचा, म्हणून त्यावर थोडं. आपल्या एअर ब्रेकमध्ये ब्रेक पाइपचा दाब चौरस सेंटिमीटरला पाच किलो असतो. तो उतरवला की ब्रेक लागतो. मालगाडीचे ५८ वॅगन असतील तर दाब उतरल्याची खबर इंजिनापासून शेवटच्या वॅगनपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ब्रेक सोडल्यावर पाइप पुन्हा भरायला त्याहून जास्त. मोबाइल गेममध्ये बटण सोडलं की ब्रेक सुटला. ओपन रेल्समध्ये हा दाब डब्याडब्याने पुढे सरकतो. तिथे लांब मालगाडी घेऊन उतारावर पाठोपाठ दोनतीनदा ब्रेक लावून सोडा आणि गेजकडे लक्ष ठेवा. पाइप भरायच्या आत पुन्हा ब्रेक मागितलात तर तो कमी मिळतो. आता हेच कर्जत-लोणावळ्याच्या बोर घाटात, ३७ ला १ अशा चढउतारावर कल्पून बघा. म्हणूनच घाट उतरताना कॅच साइडिंग, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवायचे बाजूचे रूळ, असतात. तिथला पॉइंट एरवी साइडिंगकडेच लागलेला असतो, आणि गाडी ठरलेल्या जागी थांबली, म्हणजे ताब्यात आहे, अशी खात्री पटल्यावर मेन लाइनला लागतो. न थांबलेली गाडी चढावरच्या साइडिंगमध्ये जाते. घाटाचा मार्ग बनवणाऱ्या हौशी मंडळींना माझी विनंती आहे की बोगदे आणि धबधबे सुंदर करताच, तर कॅच साइडिंगचा पॉइंटही खरा करा.

भरतीच्या परीक्षेला या गेमचा थेट उपयोग नाही. लेखी परीक्षेनंतरची कॉम्प्युटरवरची अभियोग्यता चाचणी स्मरणशक्ती, एकाग्रता, सूचना पाळणं, अंतराचा अंदाज असल्या गोष्टी तपासते; त्याचा सराव वेगळा. मेडिकलला डोळ्यांची अट सगळ्यात कडक, त्यात रंग ओळखणं आलंच. रात्र रात्र स्क्रीनसमोर बसून डोळे शिणवू नका, हे मी काळजीने सांगतोय.

निवड झाल्यावर उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र आजपासून सुरू करता येईल. इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट दोघंही प्रत्येक सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगतात. नाव आणि स्थिती: "डिस्टंट, डबल यलो." "होम, लूप लाइन, यलो." समोरच्याने तेच परत म्हणायचं. गेम खेळताना एकटे असलात तरी प्रत्येक सिग्नल असाच मोठ्याने म्हणा, हात त्या दिशेने करा, आणि म्हटल्याशिवाय कंट्रोलला हात लावू नका. आणि जिथे गेममधला सिग्नल काहीही कारण नसताना लाल राहिला, तिथे गेम बंद करून पुन्हा सुरू करण्याआधी थांबा. सिग्नल बिघडलाय असं धरा आणि जनरल रूल्सचं पुस्तक उघडून शोधा की हा कुठल्या प्रकारचा सिग्नल आहे, किती थांबायचं, परवानगी कोण देणार, टी/३६९ (३बी), म्हणजे बिघडलेला लाल सिग्नल ओलांडायची लेखी परवानगी, हातात आल्यावर त्यावर काय काय तपासून मग सही करायची आणि पुढे किती वेगाने जायचं. घरात कुणाला तरी स्टेशन मास्तर करा आणि तो कागद खरोखर लिहून घ्या.